बारा एकतीस

आमच्या सोसायटीत जिन्याखाली, पाण्याच्या मोटरचं बटण आणि लाइटच्या मीटरांची पेटी यांच्या मधोमध एक काळा फळा आहे. त्याच्या डोक्यावर ‘दिनविशेष’ हा शब्द पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचा रंगवलेला. खालची जागा माझी. मी बँकेतून निवृत्त झाले त्याच महिन्यात सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “काकू, तुमचं अक्षर फार छान आहे म्हणतात.” कोथरूडमध्ये असं कोणी म्हटलं की समजून जायचं, काम आलं. तेव्हापासून सकाळी दूध आणायला उतरते तेव्हा माझ्या एका हातात पिशवी असते आणि दुसऱ्या हातात खडू.

फळ्याच्या तळाची चार बोटं जागा मात्र माझी नाही, ती सोसायटीची. त्यामुळे ‘लोकमान्य टिळक पुण्यतिथी’च्या खाली ‘उद्या टाकी धुवायची असल्याने पाणी सकाळी सातपर्यंतच येईल’ असं येतं, आणि लोक थांबून वाचतात ते खालचंच. येणारे-जाणारे मान हलवतात, हळहळतात, ते टिळकांसाठी नव्हे. असू दे. मे महिन्यात पुण्यात पाणी येणं-न येणं हाही दिनविशेषच आहे.

फळ्याला आणखी एक संपादक आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे काका. वय ब्याऐंशी, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. त्यांचा खडू निळा. एकदा मी घाईघाईत ‘सर रोनाल्ड रॉस यांची पुण्यतिथी’ लिहून मोकळी झाले. परत येईपर्यंत ‘पुण्यतिथी’वर निळी काट आणि बाजूला लिहिलेलं: ‘जयंती. ते आजच जन्मले. मरायची घाई करू नये.’ बोलत मात्र नाहीत. जिन्यात भेटले तर “काय म्हणतोय उन्हाळा?” एवढंच.

ही जयंती १३ मेची.

माझी एक वही आहे. जुन्या हिशेबाच्या वहीसारखी, लाल पुठ्ठ्याची, तीनशे सहासष्ट पानं आखून घेतलेली. दर दिवसाला एक पान. २९ फेब्रुवारीलाही पान आहे आणि ते मोरारजी देसाईंनी एकट्याने अडवलंय, १८९६ पासून. काही पानं इतकी भरलीत की समासात लिहावं लागतं, काही कोरी पडलीत. मधे कधीतरी माझ्या लक्षात आलं की या वहीत फक्त माणसंच आहेत. जन्मलेली, मेलेली, शपथ घेतलेली, शोध लावलेली, गोळी झाडलेली. ऊन नाही, वारा नाही, त्या दिवशी दुपारी काय झालं याची नोंद नाही. जणू एकेका तारखेला माणसांनी गर्दी केली आणि तारखेलाच उभं राहायला जागा उरली नाही.

१३ मेच्या पानावर पहिली ओळ आहे ती संसदेची. १३ मे १९५२, मंगळवार. पहिल्या लोकसभेची पहिली बैठक या दिवशी भरली. राज्यसभेचीही. राज्यसभा हे नाव मात्र तिला पुढे, ऑगस्ट १९५४ मध्ये मिळालं. या ओळीत मला खरा रस आहे तो दोन दिवसांनंतरच्या प्रसंगात. १५ मेला अध्यक्षाची निवड झाली. ती बिनविरोध झाली नाही, चक्क मतदान झालं. एकीकडे गणेश वासुदेव मावळंकर, मूळ घराणं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं, स्वतः अहमदाबादेत वकिली करून मोठे झालेले. दुसरीकडे शंकर शांताराम मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरहून निवडून आलेले. मावळंकरांना ३९४ मतं, विरोधात ५५. स्वतंत्र देशाच्या पहिल्या लोकसभेत पहिली लढत झाली ती दोन मराठी माणसांत, आणि आपण आजही म्हणतो की मराठी माणूस दिल्लीत पोचत नाही! पोचतो. पोचल्यावर समोर दुसरा मराठी माणूस उभा असतो. (ही ओळ मी १५ मेला फळ्यावर लिहिली होती. काकांनी निळ्या खडूने नुसतं उद्गारचिन्ह काढलं. मी ते दाद म्हणून घेतलं.)

मग रॉस. १८५७ साली मीरतला शिपाई उठले ते १० मेला. उत्तर हिंदुस्थान पेटत असताना तिसऱ्या दिवशी अल्मोड्याच्या डोंगरात एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी हा मुलगा झाला. चाळीस वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत एका डासाचं पोट फाडून त्याने त्यात हिवतापाचा जंतू पाहिला. १९०२ चं नोबेल त्याला त्याबद्दल मिळालं. तीस वर्षं बँकेत बसून मला एवढं कळलंय की माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्याला कोणत्या टेबलावर बसवलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. रॉस सैन्यात डॉक्टर होता आणि त्याला डास चावत होते.

शेवटची मोठी नोंद १९९८ ची. पोखरणच्या चाचण्या म्हटल्या की सगळ्यांना आठवते ती ११ मे, बुद्धपौर्णिमा. पण चाचण्या दोन दिवस झाल्या. १३ तारखेला, बुधवारी, दुपारी १२ वाजून २१ मिनिटांनी आणखी दोन छोटे स्फोट झाले. मला तो दिवस आठवतो तो वेगळ्याच कारणाने. आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत कॅशियर रेडिओ कानाला लावून बसला होता आणि बाहेर एक आजोबा व्हाउचर हातात घेऊन, “अहो, बाँब राहू द्या, माझी पेन्शन द्या,” म्हणून काउंटरवर टकटक करत होते.

बारा एकवीस. ही वेळ वहीत लिहिताना मी तिच्याकडे वेळ म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. तिच्याहून दहा मिनिटांनी पुढची एक वेळ गेलं वर्षभर माझ्या डोक्यात बसलीये, तिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

पण आधी उन्हाळ्याचं. १३ मे म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात की भर, हे कोणाला विचारता त्यावर आहे. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा बहुतेक वर्षी या दिवसांत म्हणतात, ‘वसंतऋतौ वैशाखमासे’. पंचांगातला ग्रीष्म ज्येष्ठात सुरू होतो. म्हणजे उघड्या अंगाने, उपरण्याने घाम पुसत, पंखा पाचावर ठेवून ते आपल्याला वसंताची ग्वाही देतात आणि आपण पळीभर पाणी सोडतो. हवामान खात्याच्या लेखी तर मार्च ते मे हा नुसता मोसमी पावसाच्या आधीचा काळ. त्यांच्या लेखी उन्हाळ्याला स्वतःची अशी ओळखच नाही, जो काही आहे तो पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला.

या खात्याचं ऑफिस आमच्या बसच्या वाटेवर. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस. लहानपणी मला वाटायचं, आत थंडगार असणार म्हणून हे नाव. उन्हातून बस गेली की मी त्या दगडी मनोऱ्याकडे हावरटासारखी बघायची. खरी गोष्ट अशी की हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात आलं आणि येताना नाव सोबत घेऊन आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं ते चिकटलंच. पुण्यात एकदा पडलेलं नाव काढायला मुख्यालय हलवून भागत नाही. याच ऑफिसात १९४८ पासून अण्णा मणी काम करायच्या. ऊन, वारा मोजायची यंत्रं परदेशातून आणायची नाहीत, इथे बनवायची, असा त्यांचा हट्ट होता. ऊन मोजणारी बाई, एवढ्याच कारणाने त्या मला आमच्यातल्या वाटतात. आमच्यातल्या म्हणजे वाळवणवाल्यांतल्या.

आमच्या गच्चीवर मेच्या पहिल्या पंधरवड्यात कुरडया होतात. आता फक्त दोन घरांच्या, माझी आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची. कुरडई हा चार दिवसांचा कारभार आहे आणि त्यातले तीन दिवस घराला वास येतो. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तरी आंबूस वास घरभर फिरतोच. चौथ्या दिवशी ते वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. उरलेला चोथा टाकायचा नाही, त्याच्या भुसवड्या होतात. चीक रात्रभर पातेल्यात निवांत ठेवला की सत्त्व खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. पहाटे ते पाणी अलगद ओतून द्यायचं. इथे हात थरथरला तर सगळं ढवळून निघतं आणि सासूबाई, कुठे असतील तिथून, बघतात.

मग जेवढा चीक तेवढं पाणी. पाण्याला मीठ, हिंग घालून उकळी आणायची आणि एकीने चीक ओतायचा, दुसरीने लाकडी दांड्याने घाटायचा. हे एकटीने होत नाही. होतं असं यूट्यूबवर दाखवतात, पण त्यांच्या कढईत वाटीभर असतो. आमच्या पातेल्यात तीन किलो गव्हाचा असतो आणि घाटता घाटता तो एका क्षणी दांड्याला ओढ द्यायला लागतो, पांढऱ्याचा काचेसारखा होतो. त्या वेळी कोणी बोलत नाही. नंतर झाकण, वाफ, आणि वाफ बसेपर्यंत पोरांना वाटीत गरम चीक, दूध-साखर घालून. आमच्या वहिनी मराठवाड्याच्या, त्यांच्याकडे चिकावर तेल आणि तिखट घेतात. पंधरा वर्षं झाली, आम्ही एकमेकींच्या वाट्यांकडे अजूनही सहानुभूतीने बघतो.

सोऱ्यातून कुरडया घालायच्या त्या ऊन चढायच्या आत, आणि चीक गरम असेपर्यंत. थंड झाला की सोऱ्या दाबताना मनगट जातं. आठ वाजेपर्यंत प्लास्टिकच्या कागदावर दोन-अडीचशे पांढरी घरटी मांडून होतात. पुढचं काम उन्हाचं. माणसाचं काम फक्त राखणीचं.

राखण मी लहानपणापासून करत आलेय. वाड्याच्या पत्र्यावर, नंतर चाळीच्या गच्चीवर, आता इथे. कावळ्यांपेक्षा पारवे वाईट, आणि पारव्यांपेक्षा वाईट मे महिन्याच्या सुट्टीतली पोरं, जी ओली कुरडई मधून तोडून खातात. राखण करणारीला बसायला सावली लागते. आमच्या गच्चीवर ती एकच आहे, पाण्याच्या टाकीची. सिमेंटची चौकोनी टाकी, पुरुषभर उंच. सकाळी नऊला तिच्या पश्चिमेच्या अंगाला ऐसपैस सावली पडते, दोघींना पाय लांब करून बसता येतं. दहाला पाय आखडावे लागतात. अकराला पाठ भिंतीला टेकवून मांडी घालावी लागते. साडेअकरानंतर गुडघे छातीशी. आणि मग एक वेळ अशी येते की सावली भिंतीत शिरल्यासारखी होते, उठावंच लागतं. वाड्यातली आजी म्हणायची, “सावली पायात आली, आता खाली या.” तिच्या हातात घड्याळ नव्हतं. ते घड्याळ होतं हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट वाचली. आज पुण्यात शून्य सावली. तारीख १३ मे. वाचून पहिल्यांदा हसूच आलं. आपण जन्मभर या सावलीसाठी भिंतीला चिकटून बसलो आणि ती खरोखर नाहीशी होण्याला तारीखवेळ आहे!

यातलं गणित शाळेत शिकले असणारच, पण तेव्हा ते मार्कांपुरतं होतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये येरझारा घालतो. या दोन वृत्तांमधल्या प्रत्येक गावावर तो वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. जाताना सूर्य आपल्यावरून जातो तो १३ मेच्या सुमारास, परतताना जुलैच्या अखेरीला. त्या वेळी आभाळ भरलेलं असतं आणि गच्चीवर शेवाळ, त्यामुळे परतीची भेट चुकते. दिसते ती मेचीच.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सूर्याची चाल. तो एका दिवसात सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर येत नाही. ३ मेच्या आसपास पणजी, ६-७ मेला कोल्हापूर, १० ला सातारा, १३ ला आम्ही, १५-१६ ला मुंबई, २० ला नाशिक, २६ ला नागपूर. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. मेच्या मध्याला तो दिवसाला जेमतेम पाव अंश उत्तरेला सरकतो, म्हणजे सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास. पुण्याहून सासवडला पालखी एका दिवसात जाते ना, दिवेघाट चढून, साधारण तेवढं. म्हणजे दिवसभर आभाळ ओलांडून धावणारा हा सूर्य गावोगावी मुक्काम करत जातो तो मात्र वारीच्या चालीने. फरक इतकाच की वारकरी पंढरपूरला पोचतात, हा कर्कवृत्ताला पोचून मागे वळतो.

आणि पोखरण? ते साडेसव्वीस अंशांच्या पलीकडे, कर्कवृत्ताच्या उत्तरेला. तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. १९९८ च्या त्या दुपारी बारा एकवीसला तिथल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक खांबाला थोडी का होईना सावली होती. दिल्लीलाही नसते शून्य सावली. दिल्लीला बऱ्याच गोष्टी आपल्यासारख्या नसतात.

तर मागच्या वर्षी मी ठरवलं की हे बघायचं. आणि फसले. दुपार म्हणजे बारा, एवढं धरून मी बाराला दहा कमी असताना गच्चीवर गेले. प्लंबरने टाकून दिलेला पांढऱ्या पाइपचा हातभर तुकडा उभा केला. बारा वाजले. सावली होती. चांगली चार बोटं, पश्चिमेला. बारा पाच, तरी होती. ऊन असं की डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. मी मनात त्या चौकट लिहिणाऱ्याला चार शब्द सुनावले आणि खाली येऊन कोकम सरबत घेऊन पडले.

चूक चौकटीची नव्हती. वेळ तीत दिलेली होती, १२ वाजून ३१ मिनिटं. मी ती वाचलीच नव्हती, कारण दुपारचे बारा कधी वाजतात हे मला कोणी सांगायची गरज आहे असं मला वाटलं नव्हतं. आपलं घड्याळ चालतं ते साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेने. ही रेघ जाते तिकडे मिर्झापूरच्या बाजूने. पुणं तिच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आत-बाहेर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे मिर्झापूरला भर मध्यान्ह झाली की आपल्या माथ्यावर यायला सूर्य पस्तीसेक मिनिटं घेतो. त्यातून मेच्या मध्याला सूर्य स्वतःच घड्याळाच्या चार मिनिटं पुढे असतो. ती वजा केली की उरतात एकतीस. म्हणजे आपले बारा हे बारा नाहीतच. ते मिर्झापूरचे बारा आहेत आणि आपण ते १९०६ पासून उसने वापरतोय.

मुंबईने ते सहजी वापरले नाहीत. १ जानेवारी १९०६ ला सरकारने एकच हिंदुस्थानी वेळ लागू केली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती. फिरोजशहा मेहतांसारखी मंडळी विरोधात उभी राहिली, गिरणीतल्या कामगारांनी आवाज उठवला, आणि शहरात दोन वेळा नांदू लागल्या. रेल्वे एका वेळेने, घर दुसऱ्या. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ‘मुंबई टाइम’ टिकून होता. माझ्या आईचे मामा गिरगावातले. ते कोणी उशिरा आलं की विचारायचे, “कुठल्या घड्याळाने निघालास?” हा विनोद आम्हाला कळायचा नाही. आता कळला, पण हसायला मामा नाहीत.

या वर्षी म्हणून तयारी केली. १३ मेला सकाळी फळ्यावर संसद एका ओळीत उरकली, रॉसची जयंती (जयंती!) लिहिली, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘आज दुपारी १२.३१ वाजता पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर. सावली दिसणार नाही. गच्चीवर यावे.’ लिहून मागे सरले. माणसांच्या खाली पहिल्यांदाच दिवसाला जागा मिळाली होती, आणि तीसुद्धा ‘टँकरचे पैसे थकलेल्यांनी’ या ओळीच्या वरती.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात काका. गुडघ्यांमुळे ते जिना टाळतात, तरी दोन मजले उतरून आलेले. हातात पितळी ओळंबा, सुताच्या दोरीत गुंडाळलेला. “पाइप सरळ उभा पाहिजे,” म्हणाले. “नजरेने सरळ तो सरळ नव्हे. वाकडा राहिला तर सावली पडेल आणि लोक सूर्याला नावं ठेवतील.” मी म्हटलं, “काका, वर या ना बघायला.” ते म्हणाले, “मी माझ्या गॅलरीतून बघेन. ओळंबा धरणातल्या कामावरचा आहे.” आणि गेले.

गच्चीवर आदल्या दिवशीच्या कुरडया दुसरं ऊन खात होत्या. कडा आत वळायला लागल्या होत्या. वहिनी डोक्यावर ओला पंचा टाकून टाकीच्या भिंतीला अगदी चिकटून बसलेल्या. दुसऱ्या मजल्यावरची पाचवीत जाणारी मुलगी आली, बरोबर तिचा लहान भाऊ. बाकी कोणी नाही. सेक्रेटरी येतो म्हणाले होते. पाइप मी कालच प्लास्टरच्या गोळ्यात रोवून ठेवला होता, ओळंबा लावला तर एका अंगाला किंचित कललेला निघाला. काकांना गॅलरीतून दिसत असणार असं उगाच वाटलं. खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून सरळ केला.

सव्वाबाराला सावली दोन बोटं. पोरीने पेन्सिलने तिच्या टोकाशी टिंब काढलं. बारा वीसला पुन्हा टिंब. सावलीच्या कडा आता स्पष्ट नव्हत्या. ती आखडत नव्हती, पाइपच्या तळाशी जमा होत होती, चीक भांड्याच्या तळाशी बसतो तशी. बारा सत्तावीस. टाकीची भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी उजळलेली, वहिनी नाइलाजाने उठल्या. “आजी, तुमच्या पायाजवळ बघा,” पोरगी म्हणाली. बघितलं. माझ्या पदराची, पोटाची, खांद्यांची म्हणून जी काही सावली होती ती चपलांभोवती डबक्यासारखी साचली होती. माणसाला शून्य सावली मिळत नाही, आपण पाइपसारखे सरळ नसतो.

पाइपला मिळाली. फरशीवर पाइपची गोल कड होती आणि तिच्याभोवती सगळीकडे सारखंच ऊन. इतकं साधं दिसलं की धाकटा म्हणाला, “झालं? कधी होणार?” त्याची बहीण त्याच्यावर खेकसली, “होतंय! हेच होतंय!”

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज. “अहो काकू, उलटायच्या का या? कागदाला चिकटतायत.” कुरडया उलटायच्या वेळी कुरडयाच उलटायच्या असतात. आम्ही तिघी ओणव्या झालो. खालून कागद सोडवत, एकेक घरटं अलगद पालथं करत दोन रांगा संपवल्या. हाताला गरम प्लास्टिकचे चटके, पाठीवर ऊन. मान वर केली तेव्हा पाइपच्या तळाशी पूर्वेच्या अंगाला नखाएवढी एक करडी कड उगवली होती. पोरीने तिच्याही टोकाला टिंब काढलं.

संध्याकाळी फळा पुसायला उतरले. दुसऱ्या दिवशीची गर्दी ठरलेली, १४ मे, संभाजी महाराजांचा जन्म, १६५७, पुरंदर. ओला कपडा फिरवायला हात उचलला तर माझ्या ‘१२.३१’खाली निळ्या खडूने रेघ मारलेली. बाजूला बारीक, ओव्हरसियरी अक्षरात लिहिलं होतं:

‘माझ्या गॅलरीत १२.३३. ओळंबा परत आणून द्यावा.’